फायरबॉलचे फासे: रोल२० की फाउंड्री?

तलवारीचा वार कुठल्याही सॉफ्टवेअरवर निभावतो. एक डी२० (वीस बाजूंचा फासा), लागला तर नुकसानाचा फासा, झालं. म्हणून डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ ऑनलाइन खेळायला रोल२० किंवा फाउंड्रीसारखी जागा शोधत असाल, तर तिथे विझार्डचे (जादूगार पात्राचे) हाल होतात का, एवढंच आधी बघा. मी स्वतः फायरबॉल टाकून बघतो. तिसऱ्या पातळीचा स्पेल (मंत्र), वीस फुटांची त्रिज्या, ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) नुकसान. नुकसानाचे फासे सगळ्यांसाठी मिळून एकदाच पडतात, पण वर्तुळात सापडलेल्या प्रत्येकाचा डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईवर बचावाचा फासा) वेगळा, आणि सेव्ह जमला त्याला निम्मंच नुकसान. सात गॉब्लिन असले की सात सेव्ह, सात वजाबाक्या आणि विझार्डचा एक स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी मिळणारी संधी) कमी. फासे पाडणं सोपंच असतं, वेळ खातो तो त्यानंतरचा हिशेब.

रोल२० हे २०१२ पासूनचं, ब्राउझरमध्ये चालणारं, आणि फुकट खात्यावरही खेळ नीट होतो. पात्राच्या शीटवर स्पेलवर क्लिक केलं की तो कुठल्या पातळीच्या स्लॉटने टाकायचा ते विचारतं. चौथी सांगितली की ९डी६ पडतात. पुढचं मात्र डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) करायचं: प्रत्येक टोकनच्या (नकाशावरच्या सोंगटीच्या) प्राणांच्या पट्टीत जाऊन ‘-२८’, ‘-१४’ असं टाइप करत बसायचं. २०१४ च्या नियमांच्या शीटवर स्लॉटही आपणच कमी करायचा. ते स्क्रिप्टकडून करून घ्यायचं तर प्रो वर्गणी लागते.

फाउंड्री २०२० मध्ये आलं. ५० डॉलर एकदाच, तेही फक्त डीएमने भरायचे. इथे स्पेल टाकला की स्लॉट आपोआप कमी होतो, नकाशावर वर्तुळ ठेवता येतं, आणि चॅटमधल्या कार्डावरून निवडलेल्या टोकनांना पूर्ण किंवा निम्मं नुकसान देता येतं. एकाग्रतेचा स्पेल (टाकणाऱ्याचं लक्ष टिकेल तोवरच चालणारा) चालू असताना मार बसला तर कॉन्स्टिट्यूशन सेव्हची आठवणही करून देतं (१० किंवा नुकसानाच्या निम्मे, जे जास्त असेल ते गाठायचं). कागदावर खेळताना हा सेव्ह हमखास विसरला जातो. माझ्या मते फाउंड्री घ्यायला एवढं एक कारण पुरे.

पण खर्च ५० डॉलरवर थांबेलच असं नाही. फाउंड्रीचा सर्व्हर आपणच चालवायचा असतो, आणि आपल्याकडचं बरंच घरगुती ब्रॉडबँड सीजी-नॅटच्या (अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता देणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे असतं, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूला थेट जोडता येत नाही. मग महिन्याच्या भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो. शिवाय मुख्य आवृत्ती बदलली की मॉड्यूल (वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) अडखळतात, तेव्हा खेळाच्या दिवशी अपडेटला हात लावू नका.

मिडी-क्यूओएल या मॉड्यूलने सेव्हपासून वजाबाकीपर्यंत सगळं एका क्लिकवर येतं. नवीन डीएमला ते फार आवडतं. मी मात्र सांभाळून वापरा म्हणेन, आणि त्याचं कारण शील्ड हा स्पेल. वार लागल्याचं कळल्यावर विझार्ड लगेच, दुसऱ्याच्या पाळीतच, रिअ‍ॅक्शन म्हणून शील्ड टाकतो, एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) पाचने वाढतो आणि तोच वार हुकू शकतो. ‘वार लागला’ आणि ‘प्राण कापले’ यांच्यामध्ये सॉफ्टवेअरने जागाच ठेवली नाही, तर त्या खेळाडूचा सगळ्यात आनंदाचा क्षण हातातून जातो. मिडीत थांबून विचारायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये जाऊन लावावी लागते, आणि ती लावल्याशिवाय पहिलं सत्र घेऊ नका.

गट नवा असेल, पात्रं पहिल्या ते चौथ्या पातळीची असतील, तर रोल२० घ्या. फायर बोल्ट आणि मॅजिक मिसाइल अशा साध्या स्पेलसाठी सर्व्हर उभारायची काही गरज नाही. पाचव्या पातळीला विझार्डला फायरबॉल मिळतो. तोवर गट टिकला, आणि दोन-तीन जण स्पेल टाकणारे असले, तर फाउंड्रीवर या. मिडी पहिले दोन महिने नकोच. नुकसान देण्याचं बटण डीएमकडे, फासे पाडण्याचं खेळाडूकडे. ८डी६ स्वतःच्या हाताने पाडायला मिळावेत म्हणूनच तर त्याने विझार्ड घेतलेला असतो.