स्टेपर मोटरचा टॉर्क घरी मोजायचा: पट्टी-काटा की दोरी-वजन?

स्टेपर मोटर म्हणजे ठरावीक टप्प्यांनी, स्टेप-स्टेपने फिरणारी मोटर. तिच्या लेबलवर '१० किलो-सेंमी' असा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, लिहिलेला असतो, तरी सीएनसी राउटरचा (संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनचा) झेड ॲक्सिस, म्हणजे वर-खाली सरकणारा भाग, वर जाताना मध्येच टर्र करून स्टेप सोडतो. असं दोन-तीनदा झालं की टॉर्क मोजून बघावासा वाटतोच. मी याच कारणाने या भानगडीत पडलो. मोटर नेमा २३ मापाची, तिला करंट पुरवणारा ड्रायव्हर २.८ अँपिअरवर लावलेला, सप्लाय २४ व्होल्टचा. पट्टी-काटा आणि दोरी-वजन हे दोन्ही प्रकार मी स्वतः करून पाहिलेत, म्हणून कुणाला निवड करायची असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल. थांबलेली मोटर जास्तीत जास्त जेवढा टॉर्क पेलते तो होल्डिंग टॉर्क आणि चालती मोटर स्टेप न सोडता जेवढा देते तो पुल-आउट टॉर्क, एवढा फरक ध्यानात ठेवा.

पट्टी-काट्याची मांडणी सोपी आहे. शाफ्टवर ॲल्युमिनियमची आडवी पट्टी, शाफ्टच्या मध्यापासून बरोबर १० सेंमीवर खाली डोकावणारा एक बोल्ट आणि त्या बोल्टखाली स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काट्यावर ९५० ग्रॅम दिसले की साडेनऊ किलो-सेंमी. पट्टी हाताने दाबून मोटर घसरवू नका. घसरायच्या क्षणीचा आकडा कधीच हाती लागत नाही. त्यापेक्षा बोल्ट काट्यावर नुसता टेकवा आणि मोटरलाच एकेक मायक्रोस्टेप, म्हणजे पूर्ण स्टेपचा एकेक बारीक भाग, पुढे जायला सांगा. पट्टी अडलेली असल्यामुळे दाब वाढत जातो. ड्रायव्हर १/१६ वर असेल, म्हणजे एका स्टेपचे सोळा भाग करत असेल, तर सोळाव्या मायक्रोस्टेपला, म्हणजे पूर्ण १.८ अंशांना, आकडा सर्वांत वर पोचतो. त्यापुढे तो उतरायला लागतो आणि दोन पूर्ण स्टेपच्या पलीकडे गेलात की पट्टी उलटी उसळते. हा चढ-उतार साइन वक्रासारखा असतो. माथ्यावर तो इतका सपाट असतो की एखादी मायक्रोस्टेप मागेपुढे झाली तरी अर्ध्या टक्क्याचाच फरक पडतो. मोटर आतून कशी वागते हे इतक्या स्पष्टपणे डोळ्यांसमोर दिसतं की शिकणाऱ्याने एकदा तरी हे करावंच असं मला मनापासून वाटतं.

एक खोड मात्र आधीच सांगून ठेवतो. बऱ्याच डिजिटल ड्रायव्हरमध्ये मोटर थांबली की करंट आपोआप निम्म्यावर आणणारा एक डिप स्विच (छोटं सरकतं बटण) असतो. काटा स्थिर व्हावा म्हणून तुम्ही दोन सेकंद थांबता, तेवढ्यात ड्रायव्हर करंट उतरवून मोकळा होतो. माझी पहिली सगळी मोजणी जवळजवळ निम्मी आली होती आणि मी मोटर परत करायला निघालो होतो. दोष मोटरचा नव्हता, स्विच तसा लावलेला होता. आधी तो पूर्ण करंटवर करा.

ही खोड निस्तरता येते. ज्याने माझा निर्णय झाला ती गोष्ट वेगळीच होती. स्वयंपाकघरातला काटा स्वतःच्या मर्जीने चालतो. रिकामा असताना तो शून्य सांभाळत बसतो, त्यामुळे सुरुवातीचा हळूहळू वाढणारा दाब तो गिळून टाकतो. काट्यावर साखर चिमूट चिमूट टाकून पाहा, बराच वेळ आकडा हलत नाही. इथे तर आपण दाब चिमटीचिमटीनेच वाढवत असतो. त्यातून पुढे सरकलो, आकडे वहीत लिहीत दहाव्या-बाराव्या मायक्रोस्टेपपर्यंत आलो, की काटा बॅटरी वाचवायला बंद पडतो. परत चालू केला की पट्टीचा जो दाब असेल त्यालाच तो शून्य धरतो. म्हणजे पट्टी उचला, मोटर मागे घ्या, पहिल्यापासून सुरू करा. एका रविवारी हे पाच वेळा झालं. मग सामानाच्या बॅगा तोलायचा टांगता काटा आणला, तर तो आकडा जरा स्थिर झाला की तिथेच गोठवून ठेवतो. पुढची मायक्रोस्टेप दिली तरी आकडा जुनाच.

लोडसेल (दाब मोजणारा सेन्सर) आणि त्याचा आकडा मायक्रोकंट्रोलरला देणारी एचएक्स७११ चिप वापरली तर हा त्रास संपतो, हे मान्य आहे. ज्यांना कोड लिहायचा कंटाळा नाही त्यांनी जरूर करावं. मीही लोडसेल काढून ठेवला होता. पण तो कॅलिब्रेट करायला माहीत असलेलं वजन लागतं, म्हणून ओळखीच्या किराणा दुकानातून जुनी लोखंडी वजनं मागून आणली. तीच षटकोनी, तळाच्या खाचेत शिसं भरलेली आणि त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असलेली. ती टेबलावर मांडली आणि वाटलं, खात्रीचं वजन जर हातात आहेच, तर मध्ये लोडसेल कशाला? सरळ मोटरलाच टांगूया.

दोरी-वजनात एवढंच आहे. मोटर उंचावर घट्ट बसवायची, शाफ्टवर छोटा ड्रम, ड्रमला दोरी, दोरीला वजन. माझा ड्रम लेथवर ३९ मिमी व्यासाचा करून घेतला आणि त्यावर १ मिमीची विणलेली दोरी वापरली. त्रिज्या मोजताना दोरीची निम्मी जाडी धरायची असते, म्हणून हिशेबाची त्रिज्या बरोबर २ सेंमी येते. आपल्याकडे मोटरी किलो-सेंमीमध्येच विकल्या जातात, त्याचा इथे फार उपयोग होतो. टांगलेल्या वजनाची दुप्पट केली की टॉर्क हातात. न्यूटन-मीटरमध्ये हवा असेल तर १० किलो-सेंमी म्हणजे ०.९८, पण कामाच्या वेळी मला त्याची गरज पडत नाही.

यात वाचायचं काहीच नसतं, हे मला सर्वांत भावलं. मोटर वजन उचलते किंवा उचलत नाही. अर्धा किलो वाढवा, पुन्हा सोडा. थरथरणारा आकडा नाही, बंद पडणारा काटा नाही. बारीक फरक हवा असेल तर वजनाऐवजी पाण्याची बाटली टांगा आणि शंभर-शंभर मिली पाणी वाढवत जा.

शिवाय हा टॉर्क चालत्या मोटरचा असतो, आणि मशीनला लागतो तोही चालत्या मोटरचाच. माझ्या मोटरने पट्टी-काट्यावर साडेनऊ दाखवले होते, लेबलच्या जवळपासच. दोरीवर ६० आरपीएमला तिने साडेचार किलो उचलले. ३०० ला साडेतीन. ६०० आरपीएमला मात्र दोन किलोलाच ती टेकीला आली, म्हणजे चारच किलो-सेंमी उरले, आणि माझा झेड ॲक्सिस रॅपिडमध्ये, म्हणजे कापत नसताना झपाट्याने सरकताना, नेमका याच वेगाला चालत होता. सप्लाय ३६ व्होल्टचा लावला आणि तीच मोटर, तोच करंट, तोच वेग असताना तीन किलो वर गेले. वेग वाढला की वाइंडिंगचं इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) आणि बॅक ईएमएफ (फिरत्या मोटरने स्वतःच तयार केलेला उलटा व्होल्टेज) करंटला आत शिरू देत नाहीत, हे वाचून माहीत होतं. वजन वर जाताना पाहिलं तेव्हा ते नीट कळलं. मोटर बदलायची गरजच नव्हती. पट्टी-काट्याने हे मला जन्मात कळलं नसतं, कारण थांबलेल्या मोटरला २४ व्होल्ट आणि ३६ व्होल्ट सारखेच.

दोरी-वजनाचे त्रासही सांगायला हवेत. पहिला उंचीचा. २ सेंमी त्रिज्येवर ३०० आरपीएमला दोरी सेकंदाला ६३ सेंमी धावते. मोटर दीड मीटरवर असेल तर जेमतेम अडीच सेकंद मिळतात, ६०० ला त्याच्या निम्मे. म्हणून जास्त वेगासाठी मी १ सेंमी हिशेबी त्रिज्येचा दुसरा ड्रम ठेवलाय. वजन दुप्पट टांगावं लागतं, पण दोरी निम्म्या वेगाने चढते. ड्रमची रुंदी पुरेशी ठेवा, दोरी एकाच थरात गुंडाळली गेली पाहिजे. दुसरा थर चढला की त्रिज्या बदलली आणि हिशेब फसला.

दुसरा त्रास त्वरणाचा, आणि तो फसवा आहे. ६३ सेंमीचा वेग मोटरने दशांश सेकंदात गाठला तर वजनाला वेग देण्यातच वरचा चौसष्ट टक्के टॉर्क जातो. मोटर अडते आणि आपल्याला वाटतं वजन झेपलं नाही. रॅम्प, म्हणजे वेग हळूहळू वाढवायचा काळ, एक सेकंदाचा केला की हा वाटा साडेसहा टक्क्यांवर येतो. दोरी आधीच ताणलेली असू द्या, ढिलाईतून झटका बसला की तीच गत.

तिसरा, स्टेप सुटली की वजन खाली येतं. माझ्या फरशीचा टवका उडालाय. आता खाली वाळूची बादली असते आणि मोटर चालू असताना मुलांना त्या खोलीत येऊ देत नाही. शाफ्टवर आडवा भार किती पडतो तेही पाहा. नेमा २३ ला पाच-सहा किलो चालतात, नेमा १७ ला दोन-अडीचच्या पुढे जाऊ नका.

डिप्लोमावाल्यांना कॉलेजच्या लॅबमधला रोप ब्रेक आठवेल. ड्रमवर दोरी, दोन्ही टोकांना स्प्रिंग काटे, दोघांतला फरक गुणिले त्रिज्या. त्यात उंचीची अडचण नाही, मोटर हवी तेवढी चालवा. मी तोही जोडून पाहिला. स्टेपरच्या कंपनाने दोन्ही काटे सतत थरथरतात, आणि ५ किलो-सेंमीला ३०० आरपीएमवर पंधरा-सोळा वॉट त्या छोट्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरतात. ड्रम तापला की दोरीची पकड बदलते. ज्याला शांत हात आहे त्याला कदाचित जमेल.

तुम्हाला दोन जुन्या मोटरींपैकी ताकदीची कुठली एवढंच पाहायचं असेल किंवा वजन टांगायला उंचीच नसेल, तर पट्टी-काटा पुरेसा आहे. खर्च जवळजवळ शून्य आणि अर्ध्या तासात मांडून होतो. फक्त सहज बंद न पडणारा काटा मिळवा. पण मोटर मशीनवर चढणार असेल, आणि ती कोणत्या वेगाला किती ओढेल हे कळायला हवं असेल, तर ड्रम करून घ्यायला लेथवाल्याकडे एक चक्कर माराच. माझ्या माळ्याच्या कडेला मोटरचा ब्रॅकेट कायमचा बसवलेला आहे. नवी मोटर आणली की मशीनवर चढवायच्या आधी ६०० आरपीएमला तीन किलो उचलून दाखवते का एवढं पाहतो. किराणावाल्याची वजनं अजून माझ्याकडेच आहेत. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून त्याला ती लागत नाहीत.