निर्धूर चूल की रॉकेट चूल?

मुंबईतल्या गोराई-मनोरीकडे ज्यांच्या घरामागे अजून पडवी आहे आणि झावळ्या, करवंट्या, छाटलेल्या फांद्या आयत्या पडून असतात, त्यांना आंघोळीच्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणं जिवावर येतं. चूल घालायची हे ठरलं की पुढचा प्रश्न उभा राहतो: धुराड्याची दोन तोंडांची मातीची, म्हणजे निर्धूर चूल, की विटांची रॉकेट? आमच्या पडवीत दोन्ही वापरून झाल्या आहेत.

नुसत्या सरपणाचा हिशेब केला तर रॉकेट सरस. अमेरिकी अभियंते लॅरी विनियार्स्की यांनी 1980 च्या दशकात ही रचना मांडली. काटक्या आडव्या नळीत फळीवर, हवा फळीखालून, आणि जाळ उभ्या नळीतच पुरता पेटून थेट भांड्याच्या बुडाला लागतो. नळीभोवती राख भरली की उष्णता फारशी मुरत नाही. मातीची जाड चूल आधी स्वतः तापते, मग हंडा तापवते. पाणी रॉकेटवर लवकर उकळतं, हे नक्की.

माझं घोडं अडलं ते भाकरीपाशी. रॉकेटला बोटभर जाडीच्या काटक्याच लागतात आणि टोकं जळतील तशा त्या पुढे सरकवाव्या लागतात. वर हंडा असेल तर ठीक. पण तांदळाची भाकरी थापताना दोन्ही हात पिठात असतात, एक भाकरी तव्यावर, दुसरी परातीत, आणि नेमका तेव्हाच जाळ उतरतो. हात पुसून काटक्या सरकवेपर्यंत तव्यावरची भाकरी वातड होते. जाळही मधोमध लागतो, त्यामुळे मध्ये डाग आणि कडा कच्च्या. तव्यावरून काढून निखाऱ्यांसमोर उभी करावी, तर त्या अरुंद तोंडापुढे निखारे ओढायला जागाच नाही. सुका बोंबील भाजायचा तरी तीच अडचण. रोज भाकरी करणाऱ्या घरात हे फार जाचतं, निदान आम्हाला तरी जाचलं.

दोन तोंडांच्या चुलीत जाडसर लाकूड सारलं की बराच वेळ बघावं लागत नाही. निखारे पुढे ओढायचे, भाकरी टेकवायची. ती टम्म फुगते. मागच्या तोंडावर तोवर कालवण रटरटत असतं. पुण्याच्या 'आरती' (ARTI) या संस्थेची 'लक्ष्मी' चूल याच जातीची. धूर धुराड्यातून वर जातो; रॉकेटला सहसा धुराडं नसतं, त्यामुळे जुलैत दमट काटक्या पेटवताना पडवी धुराने भरते.

धुराड्याचीही कटकट आहे. काजळी काढावी लागते, खाऱ्या हवेत पत्र्याचा नळ गंजतो, वर टोपी नसेल तर पावसाचं पाणी थेट चुलीत उतरतं. सारवणाचे थर चढून आतली वाट अरुंद होते, मग धूर उलटा पुढच्या तोंडातून येतो. पण ही कामं अधूनमधूनची, काटक्या सरकवणं मात्र रोजचं.

फक्त पाणीच तापवायचं असेल तर खुशाल रॉकेट घाला. चुलीवर भाकरी होणार असेल, तर मी दोन तोंडांचीच सुचवेन. ती मात्र साचा असलेल्या कारागिराकडूनच घालून घ्या. नुसत्या अंदाजाने घातली आणि तोंडांची, आतल्या वाटेची मापं चुकली, तर लाकूडही जास्त जातं आणि धूरही घरातच राहतो.