पडद्यामागचे दोन वॅट

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात संगणकाचे टेबल खिडकी आणि कपाट यांच्या मधल्या जागेत बसवलेले असल्यामुळे, मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवल्यावर स्पीकरच्या जोडीसाठी त्यावर वीतभरही जागा उरत नाही. म्हणून जुना मॉनिटर बंद पडला तेव्हा अंगभूत स्पीकर असलेला २४ इंची मॉनिटर घ्यायचे ठरले. मुलीचा ऑनलाइन वर्ग नीट ऐकू यावा, आईला दुपारी कीर्तन ऐकता यावे आणि रात्री मला थोडे गाणे, एवढीच अपेक्षा होती. चार महिन्यांच्या वापरात पहिल्या दोन गोष्टी उत्तम साधल्या. तिसरी साधली नाही.

जेल रोडवरच्या दुकानात विक्रेत्याने ‘भिया, दो वाट बहुत है, कमरा गूँज जाएगा’ असे सांगून एक दणदणीत गाणे लावले. तशा गजबजाटात आणि तशा गाण्यावर सगळेच स्पीकर चांगले वाटतात. मी पेन ड्राइव्हवर बातम्यांचे वाचन आणि इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ यांचा एक विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल नेला होता. इंदूरकराने स्पीकर पारखायला दुसरे काय न्यावे? खाँसाहेबांची मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातली संथ बढत हीच लहान स्पीकरची खरी परीक्षा असते. बातम्यांतला शब्दन्‌शब्द स्पष्ट आला. ख्यालात मात्र तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा, ‘ना’ टणटणीत वाजत होता आणि डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा झाला होता.

यात त्या मॉनिटरचा विशेष दोष नाही. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराची, तार सुमारे ७० हर्ट्‌झवर बोलते, आणि मॉनिटरच्या पातळ पाठीत बसणारा स्पीकर इतक्या खालच्या स्वरासाठी पुरेशी हवा हलवूच शकत नाही. त्या स्वराचे वरचे अंश ऐकू येतात, त्यांवरून कान मूळ स्वराची कल्पना करून घेतो. त्यामुळे सूर कळतो, पण त्याचे वजन जाणवत नाही. वॅटच्या आकड्यामागे धावूनही फारसे हाती लागत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते.

घरी आल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. आमच्या जुन्या संगणकाला व्हीजीए केबल होती आणि त्या केबलमधून केवळ चित्र जाते, आवाज जात नाही. मॉनिटरच्या मागे ३.५ मिलिमीटरचे एक भोक दिसले, म्हणून संगणकाच्या हिरव्या भोकातून तिथे तार जोडली, तरी शांतताच. ते भोक हेडफोनसाठी, म्हणजे आवाज बाहेर काढण्यासाठी होते, आत घेण्यासाठी नव्हे. विक्रेत्याला केबलबद्दल आधी सांगितलेले असूनही त्याने याची कल्पना दिली नव्हती, याचा राग अजून आहे. सुदैवाने संगणकाला चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या एचडीएमआय केबलचीही सोय निघाली. नवी केबल आणली, विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये मॉनिटर निवडला आणि आवाज आला.

आला, पण दबलेला. स्पीकर खालच्या कडेला, टेबलाकडे तोंड करून बसवलेले आहेत आणि आमच्या टेबलावर आईने घातलेला जाड खादीचा टेबलक्लॉथ होता. तो बाजूला करताच ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे लख्ख उमटू लागली, कारण स्पीकरमधून निघणारे उंच स्वर कापडात जिरत होते, ते आता उघड्या लाकडावरून परतून कानापर्यंत येतात. आवाजाचा आकडा ७० च्या वर नेला की मात्र पाठीचे प्लास्टिक तानपुऱ्याबरोबर बारीक झणझणते. बोटाने दाबले की थांबते.

पडद्याखाली ठेवायचा यूएसबीवर चालणारा साउंडबारही त्या दुकानात होता आणि खोक्यावर ‘२० वॅट’ छापलेले होते. यूएसबी २.० च्या साध्या जोडणीतून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात. त्यातून सलग वीस वॅट आवाज कुठून निघणार? शिवाय तो ठेवला असता तर कीबोर्ड मांडीवर घ्यावा लागला असता.

बोलणे, वर्ग, बातम्या आणि कीर्तन यांच्यासाठी हे स्पीकर मी निःशंकपणे सुचवीन, केबलची खात्री करून घेतल्यावर. खाँसाहेबांसाठी मी त्याच फसव्या भोकात हेडफोन लावतो. टेबलक्लॉथवर तडजोड झाली आहे: तो आता अर्ध्याच टेबलावर असतो, आणि पाहुणे येणार असले की आई तो पुन्हा पूर्ण पसरते.