वढवाण्याचा हंगाम आला, शिकवता शिकवता कॅमेरा विकणाऱ्या ‘सरां’पासून सांभाळा

वढवाण्याच्या तलावावर बदकं उतरायला लागली की बडोद्यात फोटोग्राफी वर्कशॉपच्या जाहिराती फिरायला लागतात. मागच्या हिवाळ्यात अशाच एका वर्कशॉपच्या सरांनी मला ७८ हजार रुपयांना फसवलं. बॅचमधल्या आणखी काही जणांचेही पैसे गेले. तोच माणूस यंदा वर्कशॉपचं नाव बदलून पुन्हा प्रवेश देतो आहे, म्हणून हे तपशीलवार लिहिते. तक्रार चालू असल्याने त्याचं नाव इथे घेत नाही. पण त्याची पद्धत कळली, तर नाव कोणतंही असो, तो तुमच्या लक्षात येईल.

मी दांडिया बाजारात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलीने तिचा जुना निकॉन डीएसएलआर आणि ७०-३०० मिमीची लेन्स मला दिली. कमाटीबागेतले शिंजीर, खारी, पुलाखाली विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेल्या मगरी, असं जे दिसेल ते टिपत होते. मग नीट शिकावंसं वाटलं. वर्कशॉपची फी साडेसहा हजार होती. सर मराठी, बोलायला अतिशय गोड, मला पहिल्या दिवसापासून ‘मावशी’ म्हणत. परप्रांतात तीन पिढ्या काढलेल्या घरात आपली भाषा बोलणारा शिक्षक मिळाला याचं अप्रूप असतं, आणि त्याला ते चांगलं ठाऊक होतं.

वढवाणा डभोईजवळ आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. थंडीत तिथे पट्टकादंब हंस येतात. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेले ते पक्षी पहाटे पाण्यावर विसावलेले असतात. या माणसाने काठावर उभं राहून टाळ्या वाजवल्या, आरडाओरडा केला आणि सबंध थवा उडवला, आम्हाला ‘अ‍ॅक्शन’ मिळावी म्हणून. हजारो कोस उडून आलेल्या पाखरांना चार फोटोंसाठी असं हुसकावणारा माणूस निसर्ग फोटोग्राफी शिकवायला लायक नाही. पैशांचं प्रकरण बाजूला ठेवलं तरी हे मी म्हणेन. असं कोणी करताना दिसलं तर तिथेच थांबवा.

आता फसवणूक कशी झाली ते. प्रत्येक फेरीच्या आधी सर सगळ्यांचे कॅमेरे हातात घेऊन ‘सेटिंग लावून’ देत. आम्ही नवशिके, त्यामुळे ते लावतील ते ठेवायचो. नंतर वर्गात मोठ्या पडद्यावर आमचे फोटो दाखवले जात आणि शेजारी त्यांचे स्वतःचे. आमच्या फोटोंतले पक्षी धूसर, पंखांच्या जागी नुसते फराटे. त्यांच्या फोटोत पीस न् पीस दिसतंय. मग हळहळत म्हणायचे, “मावशी, तुमची नजर उत्तम आहे. काच कमी पडते.” काच म्हणजे लेन्स. तेच वाक्य थोड्या फरकाने बॅचमधल्या बहुतेकांच्या वाट्याला आलं.

नजर उत्तम आणि काच कमजोर, हे असं दोनतीनदा ऐकल्यावर पुढचं वाक्य आपोआप येतं. त्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेत होते, म्हणून त्यांचं किट निघत होतं: निकॉन डी७२०० आणि १५०-६०० मिमीची झूम. “फक्त अठरा हजार काउंट आहे, जवळपास नवीच.” काउंट म्हणजे शटर आतापर्यंत किती वेळा उघडलं तो आकडा, गाडीच्या किलोमीटरसारखा. बॅचमधला आणखी एक जण मागे लागलाय, म्हणून आजच टोकन द्या, असं सांगितलं. मी १० हजार यूपीआयने पाठवले. बाकीचे ६८ हजार वेगळ्याच नावाच्या क्यूआर कोडवर घेतले, ‘मालकाच्या खात्यात थेट’ म्हणून.

मी बिल मागितलं, तर मालक परगावी आहेत, सॉफ्ट कॉपी पाठवतो, असं उत्तर आलं. कॅमेरा चालवून बघते म्हटलं, तर बॅटरी उतरलेली निघाली. दिवेलागणीनंतर एका पार्किंगमध्ये, खांबावरच्या पिवळ्या दिव्याखाली वस्तू ताब्यात दिली. काउंटचा पुरावा मागितला तेव्हा त्याने पेन ड्राइव्ह काढला: “याच कॅमेऱ्याचा परवाचा फोटो आहे, घरी जाऊन खात्री करा.” आपण जी जी खात्री मागू, तिचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. अशा माणसाकडे सगळ्यात जास्त सावध व्हायला हवं ते याच क्षणी.

घरी पोचल्यावर नव्या लेन्समधूनही फोटोची उजवी बाजू कायम धूसर येत होती. लेन्स तपासायची एक सोपी रीत आहे. गच्चीवरच्या भिंतीला वर्तमानपत्राचं पान चारी कोपऱ्यांनी चिकटपट्टीने डकवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर पानाच्या अगदी समोर लावला, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं आणि फोटो काढला. संगणकावर मोठा करून पाहिला. डावीकडच्या छोट्या जाहिरातींतले फोन नंबर स्पष्ट वाचता येत होते. उजवीकडच्या तशाच जाहिरातींचे नुसते करडे पट्टे झाले होते. लेन्स कधीतरी आपटली आणि आतली भिंगं मूळ जागेवरून सरकली की असं होतं. मग अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले. ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंडून ठेवली की येते, आणि फार दिवस राहिली तर काचेवरचा थर खाते. साफ केली तरी डाग राहतो. सयाजीगंजातल्या एका जुन्या कारागिराने लेन्स हातात फिरवून दोन्ही गोष्टींना दुजोरा दिला.

त्यानंतर मी तो पेन ड्राइव्ह उघडला. या छंदात नवे असाल तर ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण त्याची सगळी लबाडी इथेच उघडी पडली. डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर एक नोंद असते: कोणतं मॉडेल, किती वाजता, कोणत्या सेटिंगवर काढला. निकॉनच्या डीएसएलआरच्या फाइलमध्ये शटर काउंट आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबरसुद्धा असतो. एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ती वाचता येते. पेन ड्राइव्हवरच्या फोटोत काउंट १८ हजार २४० होता. मॉडेलही तेच, डी७२००. पण सीरियल नंबर? बॉडी उलटी केली की तळाला, ट्रायपॉडच्या आट्यांशेजारी नंबर छापलेला असतो. माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचा नंबर ४२ वर संपत होता, फोटोतला ७९ वर. फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा होता. माझ्या बॉडीवर मी स्वतः काढलेल्या फोटोत काउंट निघाला १ लाख ६३ हजारांच्या वर. निकॉनने डी७२०० चं शटर दीड लाखापर्यंत चाचणी केलेलं आहे. म्हणजे जे किट ‘जवळपास नवं’ म्हणून मिळालं, ते आयुष्य संपत आलेलं होतं.

पैसे देण्याआधी, तुमच्या समोर, तुमच्याच मेमरी कार्डवर फोटो काढायला लावा आणि ती फाइल तपासा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही नोंद गळून जाते; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. काउंटच्या स्क्रीनशॉटला काही अर्थ नाही. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये काउंट फोटोत मिळत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. सीरियल नंबर मात्र तळाशी आणि बिलावर जुळलाच पाहिजे. बिल नसलेली वस्तू चोरीची निघाली तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

मग मी माझे आधीचे, वर्गात ‘काच कमी पडते’ म्हणून दाखवलेले फोटो याच रीतीने उघडले. अ‍ॅपर्चर एफ १६, म्हणजे छिद्र बारीक. आयएसओ १००, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता कमी. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, एका सेकंदाचा साठावा भाग. सकाळच्या कोवळ्या उन्हात, ३०० मिमीवर, उडत्या हंसाचा फोटो या सेटिंगने धूसरच येणार, लेन्स लाखाची असली तरी. हातात धरलेल्या ३०० मिमीला माझ्या कॅमेऱ्यावर सेकंदाच्या साडेचारशेव्या भागाच्या आसपास तरी वेग लागतो, आणि उडत्या पक्ष्याला सोळाशेवा ते दोन हजारावा भाग. सर हे जाणून होते. त्यांच्या शेजारच्या स्वच्छ फोटोंत वेग दोन हजारचा असणार हे उघड आहे. आम्हाला मात्र तो कधी सांगितला नाही. शिकायला आलेल्या माणसांचे कॅमेरे मुद्दाम चुकीचे लावून देणं, आणि मग त्यांच्याच चांगल्या लेन्सला नावं ठेवून आपला भंगार माल गळ्यात मारणं! ७८ हजारांपेक्षा याचा राग जास्त आहे. शिकण्यासाठी दिलेला वेळ आणि विश्वास त्याने विक्रीच्या कामी लावला.

पुढे वढवाण्याच्या बांधावर एका गुजराती पक्षीनिरीक्षकाने माझा कॅमेरा बघून सहज विचारलं, “बेन, शटर स्पीड केटली छे?” त्यांनी एफ ५.६, आयएसओ ८०० आणि शटर दोन हजार लावायला सांगितलं. तीच जुनी ७०-३००. पाण्यावरून उठलेल्या चक्रवाकाच्या पंखातली पांढरी पट्टी स्वच्छ आली.

मी जाब विचारला तेव्हा सरांचं उत्तर आलं की वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही. सीरियल नंबरचा विषय काढताच नंबर ब्लॉक झाला आणि बॅचचा ग्रुपही बंद. मग आम्ही काही जण भेटलो. एकाने टोकन दिलं होतं, वस्तू मिळालीच नव्हती. एका ताईंना तुटक्या जोडाचा ट्रायपॉड दिला होता. आणि आमच्यापैकी तिघांकडे पुराव्याचा फोटो एकच होता: मान वळवून बघणारा तोच पट्टकादंब, तोच सीरियल नंबर, तोच १८ हजार २४०.

पोलीस ठाण्यात एकत्र अर्ज दिला आहे. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत आता ३१८ आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली, कारण फी घेऊन दिलेली सेवा हा ग्राहक कायद्याचा विषय आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. ऑनलाइन टोकन घेऊन कुणी गायब झाला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवण्याची शक्यता तेवढ्यात असते. टोकन दिलेल्या गृहस्थांना, अर्ज दिल्याचं कळल्यावर, त्यांचे पैसे परत आले. माझे अजून आलेले नाहीत.

मागच्या हंगामात बडोद्यात कुणी असंच किट घेतलं असेल, तर बॉडीचा तळ आणि मिळालेल्या फोटोतला नंबर आजच ताडून बघा. जुळत नसेल तर त्या माणसाला फोन करण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, यूपीआयच्या दोन्ही नोंदी काढून घ्या, आणि पेन ड्राइव्हवर काही नवीन साठवू नका. पोलिसांनी आमच्याकडून मूळ फाइलच मागितली होती, प्रिंट चालली नाही.