गडहिंग्लजहून विमान पकडायचं तर उजळाईवाडी की सांबरा?

आमच्या भागातल्या माणसाचं एक विचित्र आहे. कोल्हापूरला जा नाहीतर बेळगावला, हमरस्त्याने निघालात की कर्नाटक लागतंच. अंतरही दोन्हीकडे सत्तर किलोमीटरच्या अलीकडे-पलीकडे. त्यामुळे गडहिंग्लज, आजरा, नेसरीकडच्या घरांत लेकीकडे बंगळूरला किंवा मुलाकडे हैदराबादला जायचं ठरलं की आधी वाद होतो तो याच्यावर: उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ धरायचा की सांबऱ्याचा बेळगाव विमानतळ. मी दोन्हीकडून जातो-येतो. तेव्हा माझ्यापुरतं जे जाणवलं ते सांगतो.

बेळगावच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सांबऱ्याची धावपट्टी २३०० मीटरची आहे. तिथे एअरबस उतरू शकते आणि बंगळूर, दिल्लीसारख्या मार्गांना त्याचा फायदा मिळतो. कोल्हापूरची धावपट्टी वाढवून झाली १९३० मीटर, ती २३०० पर्यंत नेण्याची योजना आहे. तोवर इथली मदार पंख्याच्या एटीआरवर आणि स्टार एअरच्या लहान एम्ब्रेअर जेटवर. मला स्वतःला लहान विमानाचा त्रास वाटत नाही, उलट एम्ब्रेअरमध्ये मधलं आसनच नसतं हे सुखाचं. पण एटीआरमध्ये डोक्यावरचे कप्पे इतके छोटे की चाकाची बॅग बहुतेक वेळा शिडीपाशीच काढून घेतात. आईच्या औषधांची पिशवी वेगळी काढून ठेवा म्हणजे झालं.

इमारतीचं म्हणाल तर कोल्हापूर सरळ पुढे. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला हा तळ कैक वर्षं एसटी स्टँडपेक्षाही शांत असायचा. आताच्या दगडी कमानींच्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. गंमत म्हणजे त्याच दिवशी बेळगावच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. सांबऱ्याची २०१७ ची इमारत वाईट नाही, पण दोन विमानं लागोपाठ आली की बसायला जागा शोधावी लागते. अर्थात इमारतीवरून कुणी तिकीट काढत नाही.

तिकीट काढलं जातं ते सेवा टिकेल या भरवशावर, आणि तिथे दोघांचाही इतिहास हसण्यासारखा आहे. लहान शहरांच्या विमानसेवेला सरकारी अनुदान देणाऱ्या उडान योजनेतून २०१८ मध्ये कोल्हापूर-मुंबई विमान वाजतगाजत सुरू झालं आणि लवकरच बंदही पडलं. त्याच वर्षी बेळगावची बरीच उड्डाणं हुबळीला गेली. मग २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचा नंबर लागला आणि एकदम डझनभर शहरं जोडली गेली. अनुदान तीन वर्षांचं, ते संपलं तशी त्यातली बरीच गळाली. म्हणून ‘तिकडे जास्त विमानं आहेत’ हे कुणाच्या तोंडून ऐकलं तर कधीचं सांगतोय ते आधी विचारा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतं. त्यापलीकडच्या तारखेचं तिकीट मी शक्यतो आधीपासून काढून ठेवत नाही.

आता माझा कौल कशाने फिरला ते. दक्षिणेकडून जाताना उजळाईवाडी कोल्हापूर शहराच्या अलीकडे येते. हमरस्ता सोडला की काही मिनिटांत विमानतळ, शहराचं तोंडही बघावं लागत नाही. सांबरा मात्र आपल्यासाठी बेळगावच्या पलीकडच्या अंगाला. संकेश्वरहून बेळगावपर्यंत गाडी सुसाट जाते, आपण खुशीत असतो, आणि मग शहराच्या कडेची गर्दी आणि त्यापुढे कुडची, निलजी, मुतगा अशी एकाला एक लागून गावं. शाळा सुटायची वेळ असेल तर शाळा, लग्नसराईत वरात, आणि नोव्हेंबरनंतर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. हमरस्त्यावर ट्रॅक्टर मागे टाकता येतो, तिथे त्याच्या मागून निमूट जावं लागतं. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो आणि मागच्या सीटवर वडील दर दोन मिनिटांनी ‘किती वाजले रे?’ विचारत असतात. या शेवटच्या टप्प्याला किती वेळ लागेल हे मला आजवर सांगता आलेलं नाही. पंचवीस मिनिटंही लागली आहेत आणि तासही. कोल्हापूरकडे सहापदरीच्या कामाची खोदाई आणि वळणं आहेत, मान्य. पण तो उशीर अंदाजात धरता येतो.

परतीला तर फरक आणखी जाणवतो. उजळाईवाडीला उतरून रिक्षाने हमरस्त्याला आलं की निपाणी-संकेश्वरकडे जाणारं काही ना काही मिळतं. सांबऱ्याहून आधी बेळगावचं स्टँड गाठा, मग पुढची गाडी बघा. सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसफेऱ्या बंद होतात, तेव्हा तर विचारूच नका.

तुमचं घर चंदगडच्या बाजूला असेल तर हे सगळं गणित उलटू शकतं, तिथून बेळगाव खरोखरच जवळ. दिल्लीला थेट जायचं असेल तरीही सांबराच बघा. विमान सकाळचं असेल आणि बेळगावात पाव्हणे असतील तर आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे मुक्काम टाका. बाकी मुंबई किंवा हैदराबादला जायचं असेल आणि भाड्यात हजार-पाचशेचाच फरक असेल, तर मी कोल्हापूरचं तिकीट काढतो.