‘पपायरस’चा ऑनलाइन संच: रोप घ्या, कोकोपीट बाजूला ठेवा

‘इजिप्शियन पपायरस’ या नावाने हल्ली ऑनलाइन जे संच विकले जातात, त्यात साधारण एवढं येतं: पाच-सहा दांड्यांचं रोप, बिनछिद्राची आठ इंची प्लॅस्टिकची कुंडी, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पिशवी, मूठभर पांढरे खडे आणि एक सूचनापत्रक.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यातून निघतं ते बहुतेक वेळा पपायरस नसतंच. दांड्याच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी चपटी, सेंटिमीटरभर रुंद पानं पसरलेली असतील तर तो सायपरस अल्टर्निफोलियस, म्हणजे नर्सरीवाल्यांचा ‘अंब्रेला पाम’. नाईलकाठच्या खऱ्या पपायरसच्या टोकाला केसासारख्या बारीक हिरव्या तंतूंचा झुबका असतो आणि तो सहज आठ-दहा फूट वाढतो. आठ इंची कुंडीत तो उभाच राहणार नाही. त्यामुळे बाल्कनीसाठी ही अदलाबदल गिऱ्हाइकाच्या पथ्यावरच पडते. तरी नाव चुकीचं ते चुकीचंच. रेटिंगमधला एक तारा तिथे कापला. (दोघंही आपल्याकडे शेतात शिव्या खाणाऱ्या नागरमोथ्याचे भाऊबंद.)

संचातली खरी खोट म्हणजे कोकोपीट. हे रोप पाणथळ जागेतलं, त्यामुळे कुंडीत पाणी उभं ठेवावं लागतं. त्या उभ्या पाण्यात कोकोपीट तरंगतं, काही दिवसांनी आंबूस वास मारतं, आणि मुळांना पकड न मिळाल्याने रोप वाऱ्याने आडवं होतं. त्याऐवजी तीन भाग चिकण पोयटा आणि एक भाग जाड वाळू घ्या. शेणखत अजिबात नको, पाण्यात कुजून वास आणि शेवाळ दोन्ही येतं. गड्डा मातीच्या पातळीलाच ठेवा, खोल पुरू नका. वर तीन सेंटिमीटर धुतलेल्या खडीचा थर द्या आणि पाणी त्या थराच्या आतच राहू द्या. खडीच्या वर पाणी दिसलं नाही की डासांना अंडी घालायला मोकळा पृष्ठभाग मिळत नाही. डासांबद्दल पत्रकात चकार शब्द नाही! खडीच्या वर पाणी ठेवायची हौस असेल तर आठवड्यातून एकदा ते पूर्ण ओतून टाका, किंवा मोठ्या टबात कुंडी ठेवून गप्पी मासे सोडा.

‘आठवड्यातून दोनदा पाणी’ ही सूचनाही विसरा. एप्रिल-मे महिन्यांत एवढी कुंडी रोज तपासावी लागते. माती एकदा वाळली की टोकं तपकिरी पडतात. पाणी भरपूर असूनही टोकं जळत असतील तर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांवर संशय घ्या. कुंडीला भोक नसल्याने क्षार आतच साचत जातात. महिन्यातून एकदा कुंडी कलती करून पाणी काढा, साधं पाणी भरून पुन्हा ओता. पावसाळ्यात बाहेर ठेवली तर हे काम पाऊसच करतो.

चार-पाच तास ऊन हवं. सावलीत दांडे लांबुळके, बारीक होऊन झुकतात. मग काठी बांधून उपयोग नाही, कुंडीची जागा बदला. पिवळा दांडा बुडापासून कापा. अर्ध्यावर कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही, नुसता वाळका खुंट उरतो.

एका रोपाची चार करणं मात्र सोपं आहे. पाच सेंटिमीटर दांड्यासकट शेंडा कापा, पानं निम्मी छाटा आणि शेंडा उलटा करून पाण्यात ठेवा. पाणी चार-पाच दिवसांनी बदलत राहा. दोन ते चार आठवड्यांत पानांच्या मधोमध मुळं आणि कोंब दिसतात. खऱ्या पपायरसवर ही युक्ती भरवशाची नाही, त्याचा गड्डाच फोडून लावावा लागतो.

संचातली कुंडी पातळ आहे. गड्डा वाढून ती फुगायला लागली की रोप काढून, धारदार सुरीने गड्ड्याचे दोन भाग करून बाहेरचा कोवळा भाग परत लावा. जवळच्या नर्सरीत सुटा अंब्रेला पाम मिळत असेल तर हा संच मागवायचं काही कारण नाही. एक जाड बादली आणि घमेलंभर माती पुरते.