जुनं हॉटेल की नवी इमारत?

पणजीतलं एखादं बंद पडलेलं जुनं हॉटेल दुरुस्त करून ज्येष्ठ आणि दिव्यांगांना परवडणारी घरं द्यायची, की पणजीजवळच्या पर्वरीच्या पठारावर नवी इमारत बांधायची? माझं मन पहिल्याकडे झुकतं. हॉटेलात खोलीगणिक न्हाणीघर, नळ, सांडपाण्याची सोय बहुधा आधीच असते. बाजार, बँक, महालक्ष्मीचं देऊळ पायी गाठता येतं. चिऱ्याच्या जाड भिंती मे महिन्यातही गारवा धरतात. (सज्जात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करता येते, हेही काही कमी नाही!)

अडचण दारातच उभी असते. जोतं 60 सेंटिमीटर उंच असेल, तर 1:12 उताराचा (12 सेंटिमीटर लांबीला 1 सेंटिमीटर चढ) रॅम्प 7.2 मीटर लांब हवा. पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या बोळात तो मावणार कसा? व्हीलचेअर वळवायला दीड मीटर जागा लागते, जुन्या न्हाणीघरात ती क्वचितच मिळते. शिवाय पावसाळ्यात कौलं गळतात.

नव्या इमारतीत हे सगळं नकाशातच बसवता येतं, लिफ्टही स्ट्रेचर मावेल एवढी. पण लहानसहान कामालाही बस धरायची. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठांना मिळणाऱ्या महिन्याच्या 2,000 रुपयांत रिक्षा कितीदा परवडणार?